बैठकीच्या खोलीतला ढाळ

धाकटा पहार आणायला गेला होता, आणि घर त्याची वाट पाहत होतं.

सामान बाहेर काढल्यामुळे बैठकीची खोली कपडे उतरवलेल्या आजाऱ्यासारखी दिसत होती. खुर्च्या अंगणात, कपाट स्वयंपाकघराच्या दारात तिरपं अडकलेलं, खाट तेवढी अजून भिंतीशी, आणि मध्ये नुसती फरशी. काळसर, थंड, मामंजींनी स्वतःच्या हाताने बसवलेली. सांधे इतके बारीक की त्यात नख शिरू नये. तीच आज उखडायची होती. ती कललीय असं थोरल्याच्या पायाने सांगितलं होतं.

आणि या घरात पाय बोलला म्हणजे दगडावरची रेघ. गावातले बाकीचे फरशीवाले काम संपलं की पाणसळ ठेवतात. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर थांबला की हात धुतात आणि घरी जातात. इथली रीत वेगळी. काम झालं की घरातला एकच माणूस अनवाणी, डोळे मिटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा आणि ढाळ आहे की नाही ते सांगायचा. आधी मामंजी चालायचे. ते गेल्यावर थोरला. मामंजींनी एकदा पाणसळीने पास केलेली फरशी नापास केली होती. लोक हसले. मग धुवायला पाणी ओतलं, तर ते मुकाट्याने वाहत गेलं आणि मामंजींनी बोट दाखवलं होतं त्याच कोपऱ्यात जाऊन साचलं. या घरातली पोरं ही गोष्ट ऐकत जेवायला शिकली होती.

त्यामुळे महिन्याभरापूर्वी थोरला कामावरून आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "आई, या खोलीला ढाळ आलाय. पूर्वेच्या भिंतीकडे," तेव्हा कशावरून, असं कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी त्याच दिवशी आपल्या खाटेच्या दोन पायांखाली लाकडाच्या पट्ट्या सारल्या.

खोलीला ढाळ नाही हे एकट्या थोरलीला ठाऊक होतं.

ती आत्ता स्वयंपाकघराच्या दारात, कपाटाला टेकून, ठमीला कडेवर घेऊन उभी होती. ठमी तिच्या गळ्यातली साखळी चघळत होती. थोरलीला दवाखान्यातली ती अरुंद खोली आठवत होती आणि डॉक्टरीणबाईंचा घाई नसलेला आवाज. "चक्कर येऊ शकते. सगळ्यांना येते असं नाही. आली तर बहुधा सुरुवातीचे काही आठवडे. गोळी झोपताना घ्यायची, म्हणजे जी काही गरगर असेल ती झोपेत निघून जाईल, आणि रिकाम्या पोटी, कारण लोणी-तुपाबरोबर ती जास्त चढते. स्वप्नंही जरा विचित्र पडतील. फार त्रास झाला तर इथे या, बदलून दुसरी देता येते. फक्त एक करू नका. आपल्या मनाने बंद करू नका."

थोरल्याने सगळं मान डोलावून ऐकलं, आणि केलं मात्र स्वतःच्या मनाचं. रात्री सगळं घर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जमतं; तिथे कसली गोळी म्हणून सांगणार? मग तो ती सकाळी घ्यायचा, भरपूर लोणी लावलेल्या पावावर, आणि तसाच कामावर जायचा. थोरलीने सांगून पाहिलं.

"अहो, ही चक्कर आहे. त्या म्हणाल्या होत्या ना?"

"चक्कर मला कळत नाही का? चक्कर आली की माणूस गरगरतो. मी गरगरतोय का? मी सरळ उभा आहे. जमीन कलतेय."

त्याला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घेता आली असती, पायाबद्दल नाही.

आजार लग्नाआधीचा होता. त्याने ते सांगितलं तेव्हा ती रडली, भांडली, माहेरी जायची पिशवीसुद्धा भरली, आणि शेवटी पिशवी तशीच ठेवून त्याच्याबरोबर तपासणीला गेली. तिच्या रक्तात काही निघालं नाही, ठमीच्याही नाही. परत येताना भर रस्त्यात थांबून त्याने तिच्याकडून वचन घेतलं: घरात कुणाला कळता कामा नये. ते वचन तेव्हा फार सोपं वाटलं होतं.

पुढे जे झालं ते आठवलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. घराने त्याचं ऐकलं. आधी भिंतीवरच्या तसबिरी. कुणीतरी येता जाता एखादी सरळ करायचं, आणि ती सरळ केलेली तसबीर मागे होऊन पाहावी तर तिरपी असायची. मग सासूबाई चहाचा कप पूर्वेला जरा उचलून धरू लागल्या. मग धाकटा चालताना पश्चिमेकडे अंग टाकू लागला, चढण चढणाऱ्या हमालासारखा. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. एका दुपारी थोरलीने भाजी चिरताना मान वर केली, तर दारातून दिसणारी चारही माणसं एकाच बाजूला कललेली होती, वाऱ्यातल्या गवतासारखी. आणि वारा नव्हता. तिने डोळे चोळले. मग तिला कळलं की आपणही कललोय, म्हणून ती चौघं इतकी जुळून दिसतायत.

आणि ठमी. ठमी याच महिन्यात चालायला लागली. कललेल्या माणसांकडे बघत चालायला शिकली. पाय फेंगडे टाकत, डावा खांदा खाली सोडून, कुठल्यातरी न दिसणाऱ्या उतारावर तोल सावरत ती खोलीभर फिरायची, आणि सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "बघा, आजोबांचा पाय आलाय पोरीला! एवढीशी, पण ढाळ कळतो तिला."

"कललाय तुमचा मेंदू," आत्याबाई म्हणायच्या.

थोरल्याची आत्या. नवऱ्यामागे माहेरी आल्या त्या कायमच्या, आणि भावाच्या फरशीच्या धंद्यात मापं घेण्याचं काम करू लागल्या. पाणसळ त्यांच्या पिशवीत कायम. भावाच्या पायापुढे त्यांच्या पाणसळीला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी ती आयुष्यभर पुसून ठेवली. आताही त्या खोलीच्या मधोमध उकिडव्या बसल्या होत्या. पाणसळ फरशीवर आडवी.

"या, बघा. बुडबुडा मध्यावर आहे. केसभर इकडे नाही की तिकडे नाही."

"वन्सं, पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. "यांच्या वेळीही तुमचा बुडबुडा मध्यावरच होता."

"एकदा! उभ्या जन्मात एकदा चुकला बिचारा. माणसांना एवढं तरी माफ करता ना?"

"मग तुम्ही स्वतः का वाकून बसलाय?"

आत्याबाईंनी खाली पाहिलं. त्यांचा एक गुडघा वर होता, एक हात पूर्वेकडे फरशीवर टेकलेला, घसरणाऱ्याने टेकवावा तसा. त्यांनी तो उचलला, आणि थोड्या वेळाने हात आपसूक पुन्हा तिथेच गेला.

"हेच मला समजत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "बुडबुडा खोटं बोलत नाही. आणि मीही नाही."

धाकटा पहार घेऊन आला. त्याने ती भिंतीला टेकवली तेव्हा लोखंडाचा आवाज रिकाम्या खोलीत बराच वेळ घुमत राहिला.

"दादा, कुठून सुरू करू?"

धाकट्याचा चेहरा ओढलेला होता. घरातली फरशी त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट. खरी धास्ती वाचनालयाच्या दालनाची, सध्या हातात असलेल्या मोठ्या कामाची. थोरल्याने ते दालन दोनदा उखडायला लावलं होतं. कारागीर तोंडावर काही बोलत नव्हते, पाठीमागे सोडत नव्हते. परवा तर एकाने दुसऱ्या फरशीवाल्याकडे जाऊन काम विचारल्याचं कानावर आलं होतं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, तसं एकेक माणूस फिरायला लागलं होतं. तरी धाकटा दादाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. लहानपणापासून त्याला पाय नव्हता, म्हणजे चालायचा होता, पारखायचा नव्हता, आणि ज्याच्याजवळ ते नाही त्याने ऐकावं, एवढंच त्याला शिकवलं गेलं होतं.

थोरला अंगणातून आत आला. त्याने चपला काढल्या.

"थांब. मारायच्या आधी एकदा चालून बघतो."

त्याने डोळे मिटले. महिनाभर सगळ्यांनी हे पाहिलं होतं: खोलीच्या मध्यावर आलं की त्याचा गुडघा मोडायचा, हात पूर्वेच्या भिंतीकडे झेपावायचा, जणू पलीकडून कुणी ओढतंय. सासूबाई तोंडावर हात घेऊन वाट पाहत होत्या. आत्याबाई पाणसळ छातीशी धरून बाजूला सरकल्या.

पहिलं पाऊल. दुसरं. मध्य आला.

गुडघा मोडला नाही.

तो तसाच पुढे गेला, संथ, टाच-चवडा, टाच-चवडा, पूर्वीसारखा. समोरच्या भिंतीला बोटं लागली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि वळला. चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं हसू होतं.

"सपाट आहे," तो म्हणाला. "ढाळ गेला."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग सगळे एकदम बोलायला लागले. सासूबाईंनी पट्ट्या काढायला खाटेकडे धाव घेतली. धाकट्याने दादाला मिठी मारली, पाठीवर धपाटे घातले, "घाबरवलंस रे, पार घाबरवलंस!" म्हणत राहिला.

"मग मी काय महिनाभर गाणं म्हणत होते?" आत्याबाई ओरडल्या. "बुडबुडा, बुडबुडा!"

"तुमच्या बुडबुड्याला चहा पाजते, वन्सं!"

"अहो पण गेला कसा?" आत्याबाई मध्येच थांबल्या. "आलेला ढाळ जातो कुठे?"

त्या प्रश्नाकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे हसत होते, आणि हसताना अजूनही पश्चिमेकडे कललेले होते. त्याला सोडून सगळे. तो एकटा सरळ उभा होता, आणि त्यामुळे तोच वाकडा दिसत होता.

थोरली हसली नाही. ढाळ गेला. ढाळ जायला एकच वाट होती.

ती मागच्या पडवीत गेली. तिथे त्याची अवजारांची पिशवी होती. थाप्या, रबरी हातोडी, सुताची गुंडी, आणि तळाशी काळ्या रंगाच्या पुडीखाली ती पांढरी डबी. महिना संपत आला होता. एव्हाना तिच्यात दोन-चारच गोळ्या खुळखुळायला हव्या होत्या. तिने हलवली. निम्म्या भरल्या पोटाचा जड, बोदा आवाज आला. ठमीला तो आवडला. ती म्हणाली, "अजून."

"अगं, ठेव ते."

थोरला मागे उभा होता.

"कधीपासून?"

त्याने वाकून पिशवीचं तोंड आवळलं.

"अहो, कधीपासून बंद केलीत?"

"पाय परत आला," तो म्हणाला. "तू पाहिलंस ना? सोडली, आणि हळूहळू जमीन जागेवर आली. तुझं बरोबर होतं, गोळीचंच होतं ते. आता खूश?"

"मी खूश दिसतेय?"

"वाचनालयाचं होऊ दे. दालन एकदा हातावेगळं झालं की पुन्हा चालू करतो."

"आणि त्याच्यानंतर दुसरं दालन येईल. तेव्हा?"

"मग काय करू?" त्याचा आवाज चढला, आणि त्याने तो लगेच खाली आणला. "पाय नसलेला मी कोण आहे या घरात? खाणारं आणखी एक तोंड."

"मला तोंडच हवंय," ती म्हणाली. "भांडायला. पायाशी कोण भांडणार?"

त्याला नको असताना हसू आलं. त्याने डबी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"सोडली की ते रक्तात पुन्हा वाढतं. मध्येच सोडत गेलं तर ही गोळी पुढे चालेनाशीही होते. तुमच्यासमोर सांगितलंय त्यांनी."

"तू वचन दिलंयस."

"हो," थोरली म्हणाली. "दिलंय."

तिने ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि डबी मुठीत धरून बैठकीच्या खोलीत गेली. पावलं जड पडत होती, चढावर पडावीत तशी. तिला ठाऊक होतं की चढ नाही. तरी पोटऱ्या ताणल्या होत्या.

"आई, ढाळ होता," ती म्हणाली.

सासूबाई लाकडाच्या पट्ट्या हातात घेऊन उठल्या. "गेला म्हणाला ना तो."

"होता. पण जमिनीत नव्हता. यांना एचआयव्ही आहे. त्यावर रोजची गोळी आहे, तिच्याने यांना चक्कर यायची. आता ती यांनी आपल्या मनाने सोडलीय, म्हणून जमीन सपाट लागतेय."

तिने डबी फरशीवर ठेवली. डबी तिथेच उभी राहिली. घरंगळली नाही.

धाकट्याने मघाशीच दादाला मिठी मारली होती. त्याचा तळहात आपोआप सदऱ्यावर पुसला गेला, एकदा, दोनदा. मग ते त्याच्याच लक्षात आलं आणि तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"मी परवा दादाच्या वस्तऱ्याने दाढी केली," तो म्हणाला.

"तुला दाढी येते?" आत्याबाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

"भाऊजी, वस्तरा ज्याचा त्याने वापरावा, एरवीही," थोरली म्हणाली. "मनात शंका असेल तर तपासून या, मी येते बरोबर. पण ताटाने, पाण्याने, मिठी मारून हे लागत नाही. मी रोज यांच्या शेजारी झोपते. माझ्याकडे बघा."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. दादाकडे बघायला त्याला जास्त वेळ लागला.

थोरला दारात आला होता. चपला न घालता. इतका वेळ तो आईकडे बघत होता, आणि आई फरशीवरच्या डबीकडे.

"ही घेतली की पाय जाणार?" सासूबाईंनी विचारलं.

"काही दिवस. कदाचित पुढे चक्कर थांबेल. नाही थांबली तर बदलून देतात."

"आणि नाही घेतली तर?"

अंगणात एक खुर्ची वाऱ्याने आपटली.

"आई," थोरला म्हणाला, "बाबांनी मला पाय दिला. तो मी कसा..."

"तुझे बाबा गेले ना, तेव्हा त्यांचा पाय शाबूत होता," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो कुठून तरी खालून, फरशीच्याही खालून आल्यासारखा वाटला. "छातीने दगा दिला. पाय कसे, सरळ, सुंदर. मी शेवटी ते पायच धरून बसले होते. काय करू मी त्या पायांचं? सांग. काय केलं मी त्यांचं?"

थोरला खाली बसला. भिंतीला पाठ लावून, लहान मुलासारखा.

"वाचनालय?" धाकटा म्हणाला.

"आत्या पास करेल," सासूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी पाणसळ पिशवीत ठेवली, पुन्हा काढली. हा शब्द ऐकायला त्यांनी उभा जन्म घालवला होता. आणि आता तो आला तर त्यांना नाक पुसायला रुमाल सापडेना.

"लोक विचारतील, पाय कुठे गेला?" धाकट्याने विचारलं.

"सुट्टीवर गेलाय म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या. "चालून चालून दमला."

थोरलीने दवाखान्यात फोन लावला. तिकडून तोच घाई नसलेला आवाज. ओरडा नव्हता. आज झोपताना घ्या, रिकाम्या पोटी, लोणी नाही. आता पुन्हा सोडू नका. उंचावर चढू नका. आणि उद्या सकाळी दोघंही या, रक्त तपासू, गोळी बदलायची का ते बघू. थोरल्याने फोनला कान लावून ऐकलं आणि या वेळी मान डोलावली नाही. "बरं," एवढंच म्हणाला.

दिवे लागल्यावर त्याचं अंथरूण बैठकीच्या खोलीतच घातलं. लवकर झोपायचं ठरलं होतं. पहार अजून भिंतीला टेकलेली होती. ती उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याने सगळ्यांसमोर गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, आणि पाठीवर आडवा झाला, दोन्ही तळहात अंथरुणाबाहेर फरशीवर पसरून.

कुणी खोलीतून गेलं नाही. बसले. पाहुण्याची वाट पाहावी तशी सगळं घर ढाळाची वाट पाहत होतं. थोरलीला वाटलं, दिव्याची वात स्थिर आहे, पण सावल्या हळूहळू लांबतायत, एकाच दिशेला. तिने डोळे मिटले, उघडले. सावल्या तशाच.

बऱ्याच वेळाने थोरल्याची बोटं फरशीवर आवळली गेली.

"आला," तो हलकेच म्हणाला.

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"पूर्वेला. मी घसरतोय, आई."

सासूबाई उठल्या. अंधारात पायऱ्या उतराव्या तशा जपून पावलं टाकत पूर्वेच्या भिंतीकडे गेल्या आणि भिंतीला पाठ लावून, त्याच्याकडे तोंड करून बसल्या. आत्याबाई गेल्या. थोरली ठमीला घेऊन मध्ये बसली. धाकटा सगळ्यांत शेवटी आला, थोडं अंतर ठेवून, पण त्याच भिंतीला.

"घसर," सासूबाई म्हणाल्या. "खाली आम्ही आहोत."